टीडीएस ७०, मग पाणी बाधलं कसं?

पत्र : दापोली तालुक्यात समुद्रापासून दीडेक किलोमीटरवर आमचं सहा खोल्यांचं न्याहारी निवास आहे. दसऱ्याला उघडतो, जूनच्या पहिल्या आठवड्यात बंद करतो. पाणी घरच्या जांभ्याच्या विहिरीचं. मोटरने २,००० लिटरच्या टाकीत चढतं आणि तिथून सगळ्या नळांना जातं. स्वयंपाकघरात कार्बन आणि यूव्हीवाला प्युरिफायर आहे. मी रोज टीडीएस मीटर लावून बघते, आकडा ७०-८०च्या वर कधी जात नाही. तरी गेल्या दिवाळीत दोन कुटुंबांना तिसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले. डिसेंबरात पाणी तपासून घेतलं तर अहवाल ‘पिण्यास योग्य’ असा आला. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो, पण अंदाजाने, आणि पाहुण्यांनी वासाची तक्रार केली की थांबवतो. पाण्यावर नेमकं लक्ष कसं ठेवायचं? आणि आरओ बसवावा का?

उत्तर : ताई, तुम्ही रोज मोजता ही चांगली सवय आहे, फक्त मोजता ती गोष्ट चुकीची आहे. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते बघतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला दिसत नाहीत. शोषखड्ड्यातलं पाणी थोडं थोडं विहिरीत झिरपत असेल, तरी ७०चा आकडा फार तर ७५ होईल आणि तुम्ही म्हणाल, छान आहे. कोकणातल्या जांभ्याच्या विहिरींचं पाणी मुळातच हलकं, क्षार कमी असलेलं. तो कमी आकडा जमिनीची देणगी आहे, पाण्याच्या स्वच्छतेचा दाखला नाही.

डिसेंबरचा अहवालही खोटा नाही. त्या बाटलीत त्या दिवशी आलेलं पाणी योग्य होतं, एवढंच तो सांगतो. दिवाळीत विहीर नुकतीच पावसाळ्यातून बाहेर आलेली असते: पाणी वर, वरच्या थरातून झिरपा चालू, नळ्यांत चार महिन्यांचं साचलेलं पाणी. डिसेंबरपर्यंत हे सगळं निवळतं. म्हणजे तपासणी झाली ती धोका टळून गेल्यावर.

तुमच्याकडे रोज मोजायची गोष्ट एकच: सगळ्यात लांबच्या नळाला उरलेला मुक्त, म्हणजे घाणीशी न बांधला गेलेला क्लोरीन. जंतू मोजायला प्रयोगशाळा आणि एक-दोन दिवस लागतात, तोवर पाहुणे पाणी पिऊन घरी गेलेले असतात. उरलेला क्लोरीन मिनिटभरात कळतो. तो असेल तर वाटेत भेटलेली घाण त्याने खाल्ली आणि तरी तो शिल्लक राहिला, असा अर्थ निघतो. भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) प्रमाणे नळाला तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. तुम्ही टाकीतून निघताना ०.५ आणि शेवटच्या नळाला ०.२च्या खाली नाही, असं धरून चाला.

मोजायचं कशाने

ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट करतो ती तुम्ही पाहिली असेल: नळीत पाणी, दोन-चार थेंब, पिवळा रंग. चालते, पण रंग लगेच, पहिल्या काही सेकंदांत वाचायचा. थांबलात तर घाणीशी बांधला गेलेला क्लोरीनही रंग देतो आणि आकडा फुगतो. शिवाय ते रसायन हातावर, तोंडात जाऊ देण्यासारखं नाही. त्यापेक्षा डीपीडीच्या गोळ्यांचा संच घ्या. एक नंबरची गोळी मुक्त क्लोरीन दाखवते, रंग गुलाबी. नंतर त्याच नळीत तीन नंबरची गोळी टाकली की एकूण क्लोरीन. दोन्ही आकडे का हवेत ते पुढे येईल.

एक फसगत ध्यानात ठेवा. क्लोरीन खूप जास्त असेल तर डीपीडीचा गुलाबी रंग उमटता उमटताच उडतो आणि नळी पांढरीच दिसते. लोक म्हणतात क्लोरीन नाही, आणि अजून टीसीएल ओततात. टाकीला पोहण्याच्या तलावासारखा वास येतोय आणि नळी कोरी, असं झालं तर एक भाग नमुना आणि नऊ भाग बाटलीबंद पाणी मिसळून पुन्हा मोजा, येईल त्याला दहाने गुणा.

अंदाज सोडा, बादल्या मांडा

टीसीएलची पिशवी ताजी असते तेव्हा तिच्यात ३०-३३ टक्के क्लोरीन असतो. दमट हवेत उघडी राहिली की तो महिन्या-महिन्याला उतरत जातो. जूनमध्ये उरलेली, चार महिने पडवीत राहिलेली पिशवी दसऱ्याला वापरायची म्हणजे बहुतेक चुना टाकायचा. गेल्या दिवाळीच्या प्रकारात संशयितांच्या यादीत मी तिला वरच्या ओळीत ठेवीन. दर मोसमाला नवी, छोटी पाकिटं घ्या, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सावलीत ठेवा. धातूचा डबा नको. केरोसीन-डिझेलजवळ तर मुळीच नको.

आता निवळी करायची. ४० ग्रॅम टीसीएल आधी थोड्या पाण्यात कालवून गुठळ्या मोडा, मग एक लिटरपर्यंत पाणी घाला. तासभर ठेवलं की चुना तळाला बसतो. वरची निवळी गाळून गडद रंगाच्या बाटलीत भरा. पावडर २५ टक्क्यांची असेल तर हे साधारण एक टक्का द्रावण झालं, म्हणजे मिलिलिटरला १० मिलिग्रॅम क्लोरीन. आठवड्याला नवीन करा. गाळ टाकीत ओतू नका, व्हॉल्व्ह आणि शॉवरच्या जाळ्या त्यानेच बुजतात.

मात्रा ठरवायला २० लिटरच्या चार प्लास्टिकच्या बादल्या विहिरीच्या पाण्याने भरा. बिनसुईच्या सिरिंजने त्यांत अनुक्रमे २, ४, ६ आणि ८ मिलिलिटर निवळी घाला आणि स्वच्छ काठीने ढवळा. म्हणजे लिटरला १, २, ३, ४ मिलिग्रॅम झाले. सावलीत ३० मिनिटं झाकून ठेवा, मग प्रत्येकीत मुक्त क्लोरीन मोजा. ज्या सगळ्यात कमी मात्रेच्या बादलीत ०.५ किंवा वर येईल, ती तुमची मात्रा. समजा दुसरी बादली आली, तर २,००० लिटरच्या टाकीला ४०० मिलिलिटर निवळी. याची खुबी अशी की पावडर किती मेली आहे आणि पाणी किती क्लोरीन खातंय, या दोन्हींचा हिशेब एकाच चाचणीत होतो. पाकिटावर काय छापलंय याच्याशी मग देणंघेणं राहत नाही.

ही चाचणी मोसम उघडताना, मग महिन्यातून एकदा, नवी पिशवी फोडली की आणि अवकाळी पाऊस झाला की करा. चौथ्या बादलीतही ०.५ येत नसेल तर पाण्यात क्लोरीन खाणारं काहीतरी भरपूर आहे. तेव्हा मात्रा वाढवत बसू नका, विहिरीकडे बघा.

तुमच्या टाकीची खरी अडचण

क्लोरीनला जंतू मारायला वेळ लागतो. किमान अर्धा तास पाणी आणि क्लोरीन एकत्र उभे राहायला हवेत. तुमच्याकडे टाकी एकच. मोटर चालू असताना खालून नळही चालू असणार. सकाळी सहा खोल्यांच्या आंघोळी चालल्यात आणि मोटर लावली, तर विहिरीचं पाणी दहा मिनिटांत शॉवरमधून बाहेर येतं. भरणारा आणि निघणारा पाइप टाकीच्या एकाच बाजूला असतील तर त्याहूनही लवकर.

यावर स्वयंचलित डोसिंग पंप (क्लोरीन आपोआप सोडणारा) विकायला बरेच जण येतील. एवढ्या छोट्या जागेला मी तो सुचवणार नाही. वीज गेली, नळीत चुना बसला, हवा धरली, की तो गुपचूप बंद पडतो आणि कोणाला पत्ता लागत नाही. दुसरी २,००० लिटरची टाकी घ्या. पंधरा पाहुणे, तीन माणसं घरची, माणशी १३५ लिटर धरले तर दिवसाला सुमारे २,४०० लिटर लागतात. म्हणजे एक टाकी वीसेक तास पुरते. एक वापरात, दुसरी भरून झाकून उभी. दोन्ही टाक्यांच्या तोंडाशी एकेक व्हॉल्व्ह, त्यावर ‘अ’ आणि ‘ब’ रंगवलेलं. टाकी निम्मी भरली की मोजलेली निवळी ओतायची, उरलेलं पाणी जोराने पडताना ती आपोआप मिसळते. मग नळीत रंग बघितल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडायचा नाही, हा घरात कडक नियम.

एप्रिल-मेमध्ये काळ्या टाकीत पाणी तापतं आणि क्लोरीन झपाट्याने उडतो. सकाळचं ०.५ संध्याकाळी ०.१ होऊ शकतं. वर झावळ्यांची सावली करा. संध्याकाळी आकडा पडलेला दिसला तर उरलेल्या पाण्याच्या अंदाजाने भर घाला: भरलेल्या २,००० लिटरला १०० मिलिलिटर निवळी टाकली की ०.५ वाढतो, निम्म्या टाकीला ५०.

आकडा काय सांगतो

सकाळी नाश्त्याआधी आणि संध्याकाळी, दोनदा, दोन जागी मोजा: टाकीच्या तोंडाशी आणि शेवटच्या खोलीच्या वॉशबेसिनला. दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की बिघाड कुठे आहे ते बरंचसं कळतं.

टाकीतच शून्य असेल तर निवळी टाकायची राहिली, पावडर मेली किंवा पाणी बिघडलं. नवी निवळी करून बादल्या मांडा.

टाकीत ०.५ आणि नळाला शून्य असेल तर नळ्यांत बुळबुळीत थर बसलाय, किंवा त्या खोलीत चार दिवस कोणी नव्हतं. पाच मिनिटं नळ सोडून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर साचलेलं पाणी होतं, नाही आला तर नळ्या धुवायला झाल्या.

मुक्त क्लोरीन कमी, पण एकूण क्लोरीन जास्त, हा सगळ्यात महत्त्वाचा इशारा. क्लोरीन अमोनियाशी बांधला गेलाय आणि अमोनिया विहिरीत येण्याचे नेहमीचे रस्ते म्हणजे शोषखड्डा, गोठा आणि खत. पाहुणे ज्या उग्र वासाची तक्रार करतात तो पुष्कळदा याच बांधल्या गेलेल्या क्लोरीनचा असतो. म्हणजे वास आला म्हणून तुम्ही टीसीएल बंद केलंत, तेव्हा कदाचित ते कमीच पडत होतं. पुढच्या वेळी वासाची तक्रार आली की हात आधी डीपीडीच्या संचाकडे जाऊ दे. मुक्त आणि एकूण दोन्ही मोजा, मग ठरवा.

०.२च्या खाली आकडा दिसला की कारण सापडेपर्यंत पिण्याला, दात घासायला आणि कोशिंबिरीच्या भाज्या धुवायला उकळलेलं पाणी. खळखळून एक मिनिट उकळी पुरे, समुद्रसपाटीला वीस मिनिटांची गरज नाही. सोलकढी, सरबत आणि बर्फ यांत कोणतं पाणी जातं तेही बघा. पिण्याचं पाणी जपलेलं आणि बर्फ सरळ नळाचा, असं स्वयंपाकघर विरळा नाही.

प्युरिफायरचं काय

तो ठेवा, पण त्याच्यावर विसंबू नका. कार्बन क्लोरीन शोषून घेतो, म्हणून त्यापुढच्या पाण्याला कोणी राखणदार नाही. यूव्हीच्या नळीतून जाताना जंतू मरतात, पुढच्या साठवणीत किंवा जगमध्ये बोट बुडालं की नवे येतात. चार महिने बंद राहिलेला कार्बन तर जंतूंचं घरच. दसऱ्याला जुना कार्बन आणि गाळणी काढून टाका, धुऊन पुन्हा बसवू नका. आतली टाकी रोज रात्री रिकामी करा.

यूव्हीचा दिवा निळसर दिसतो म्हणजे काम करतो असं नाही. साधारण ९,००० तासांनंतर तो उजेड देत राहतो, मारक किरण कमी झालेले असतात. दिवा बदलल्याची तारीख यंत्रावरच लिहा. आतल्या काचेच्या नळीवर थर चढला की लिंबूसत्वाच्या पाण्याने पुसा. वीज गेली की पाणी आपोआप अडवणारा व्हॉल्व्ह आहे का ते मेन स्विच बंद करून बघा. पाणी तरीही वाहत राहिलं, तर भारनियमनात तुमचा प्युरिफायर नुसता पाइप असतो. आणि पाणी गढूळ असेल तर यूव्ही पोचतच नाही. मानकात गढूळपणा १ एनटीयूच्या (गढूळपणाचं एकक) आत हवा, तो डोळ्याला दिसत नाही. पाणी डोळ्यालाच धुरकट दिसलं तर ते कितीतरी पुढे गेलेलं असतं.

तरी यूव्हीची एक जागा खास आहे. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही परजीवी नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाहीत, यूव्हीने मात्र निकामी होतात. म्हणून सगळ्या घराला क्लोरीन आणि पिण्याला त्यावर यूव्ही, ही जोडी चांगली.

दसऱ्याआधीचे दहा दिवस

मोसमी जागांचं पाणी उघडतानाच सर्वाधिक दगा देतं. अमेरिकेत १ एप्रिल २०१६ पासून अशा मोसमी पाणीव्यवस्थांना उघडण्याआधी ठरलेली प्रक्रिया पूर्ण केल्याचं दाखवावं लागतं. आपल्याकडे कोणी विचारायला येणार नाही, तरी करा.

आधी विहीर. कठड्याच्या भेगा, भोवतीचा ओटा, पाणी आत वळतंय का, जाळी शाबूत आहे का. शोषखड्डा १५ मीटरवर असला तरी निर्धास्त होऊ नका, जांभ्यात पोकळ्या असतात आणि पाणी त्यातून गाळलं न जाता धावतं. मग विहिरीतलं पाणी मोजा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, त्याला ०.७८५ ने गुणा, आलेल्या घनमीटरना हजाराने गुणलं की लिटर. अडीच मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे १९,६०० लिटर. लिटरला २० मिलिग्रॅम क्लोरीन द्यायला २५ टक्क्यांची टीसीएल सुमारे १.६ किलो लागेल. बादलीत कालवून, निवळी काढून, पोहऱ्याने खाली-वर करत मिसळा. रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वास जाईपर्यंत उपसा. ते पाणी वहाळात, सुपारीच्या बागेत किंवा सेप्टिक टँकमध्ये सोडू नका.

टाक्या आतून घासून गाळ काढा. मग भरून लिटरला ५० मिलिग्रॅम, म्हणजे २,००० लिटरला ४०० ग्रॅम टीसीएलची निवळी. प्युरिफायरची जोडणी काढून ठेवा. एकेक नळ, शॉवर, फ्लश वास येईपर्यंत उघडा, बंद करा, रात्रभर राहू द्या. सकाळी सगळं रिकामं करून साध्या पाण्याने धुवा. शॉवरच्या जाळ्या काढून घासा. गीझर एकदा ६० अंशांपर्यंत तापवून गरम पाणी सोडा, खिडकी उघडी ठेवून, फवाऱ्यापासून दूर उभं राहून. साचलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जंतू वाढतो आणि तो तोंडावाटे नाही, फवाऱ्यातून श्वासावाटे जातो.

त्यानंतर नमुना. बाटली प्रयोगशाळेचीच हवी, निर्जंतुक आणि क्लोरीन मारणारं थायोसल्फेट घातलेली. ती धुवायची नाही. नळ स्पिरिटने पुसा, दोन-तीन मिनिटं पाणी सोडा, झाकणाच्या आत बोट न लावता भरा, वर थोडी जागा सोडा. बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवा, २४ तासांच्या पुढे नमुना बाद समजा. दापोलीहून रत्नागिरी एसटीने निम्मा दिवस खाते, म्हणून पहाटे भरा, आणि सुट्टीच्या तोंडावर नेऊ नका. जवळ उपविभागीय प्रयोगशाळा कुठे आहे आणि नमुने कोणत्या वारी घेतात, ते जलसुरक्षकाला ठाऊक असतं. दोन बाटल्या द्या: एक विहिरीच्या कच्च्या पाण्याची, एक शेवटच्या नळाची. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय हा विष्ठेतला जंतू सापडता कामा नये. पहिल्या वर्षी नायट्रेटही तपासून घ्या. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि ते वाढत असेल तर शोषखड्डा किंवा गोठा विहिरीला भेटतोय. हाच नमुना डिसेंबरऐवजी दसऱ्याआधी, मग जानेवारीत, मग मेमध्ये, आणि अवकाळी पावसानंतर.

घरी वापरायची एचटूएसची छोटी बाटली कच्च्या पाण्यासाठी ठेवा. पाणी भरून एक-दोन दिवस उबदार जागी ठेवलं आणि काळं पडलं, तर विष्ठेची घाण आहे असं धरून चाला. क्लोरीनच्या पाण्यात तिचा निकाल फसवू शकतो.

वही साधी शाळेची चालेल: तारीख, वेळ, टाकी अ की ब, किती निवळी, टाकीचा आकडा, नळाचा आकडा, पाऊस झाला का, कोणी मोजलं. शेवटचा रकाना विसरू नका. कामाला असलेल्या मुलीने न मोजताच रोज ०.५, ०.५ लिहिलेलं असतं. खरी वही कधीच इतकी सरळ नसते, ०.३ येतं, ०.६ येतं, मध्येच ०.१ येऊन पळापळ होते.

आरओ घेऊ नका. ७० टीडीएसच्या पाण्यातून क्षार काढायचे कशाला? तो बरंच पाणी मोरीत सोडेल, आणि मेमध्ये विहीर खाली गेली की तेच पाणी तुम्हाला हवं असेल. तुमच्या पाण्याचा उलट प्रश्न असू शकतो: जांभ्याचं पाणी पुष्कळदा किंचित आंबट असतं. पीएच ६.५च्या खाली असेल तर पितळी जोड आणि गीझर झिजतात, बेसिनवर हिरवट-निळे डाग येतात. क्लोरीनच्या कामाला मात्र असं पाणी बरं. टीडीएस मीटर टाकून देऊ नका. एप्रिल-मेमध्ये आठवड्याला एकदा विहिरीत लावा. ७०चा आकडा २००, ३०० असा चढू लागला तर समुद्राचं पाणी आत सरकतंय. तेव्हा मोटर एका वेळी तासभर न चालवता वीस-वीस मिनिटं, मध्ये विश्रांती देत चालवा आणि क्लोराइड तपासायला द्या. ते लिटरला २५० मिलिग्रॅमच्या वर गेलं, तर आरओबद्दल पुन्हा लिहा.